डेलावेअरची कंपनी, म्हणून फेडरल कोर्ट? जरा थांबा

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या माझ्या मामेभावाने घर वाढवायला दिलं आणि कंत्राटदार पैसे घेऊन काम अर्धवट टाकून गेला. ऐंशी हजार डॉलरच्या वर अडकलेत. परवा त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला, खाली ओळ: "ताई, याप्रमाणे फेडरलला केस टाकतोय, एकदा नजर टाक." मी पुण्यात बसून अमेरिकी लॉ फर्मसाठी कागद तपासते, म्हणून घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

फॉरवर्डचं म्हणणं असं: कंपनीवर केस करायची तर राज्याच्या लहान कोर्टात वेळ घालवू नका. कंपन्या डेलावेअर राज्यात नोंदलेल्या असतात, तुम्ही दुसऱ्या राज्यातले, रक्कम ७५ हजार डॉलर झाली की थेट फेडरल, म्हणजे केंद्राचं कोर्ट. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची, सदस्यांच्या मालकीची कंपनी) असली तरी हाच नियम. ग्रीन कार्डवाले परदेशी, त्यांना तर हक्कच. आणि करारात फेडरल कोर्ट लिहिलं असेल तर विषयच संपला. शेवटी 'जास्तीत जास्त मराठी बांधवांपर्यंत पोचवा'. पोचलंय, दुर्दैवाने.

आधी ते 'लहान कोर्ट'. आपल्याकडे जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी एकच उतरंड आहे. तीच डोक्यात ठेवून कुणीतरी हे लिहिलंय. अमेरिकेत राज्यांची आणि केंद्राची अशा दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालतात. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट राज्याच्या कोर्टाच्या वर बसत नाही. राज्यघटना आणि काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, कायदे जेवढं देतात तेवढंच ते ऐकू शकतं. वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांचं, किंवा एका राज्याचा नागरिक आणि परदेशी यांचं, भांडण हा त्यातला एक प्रकार, १७८९ पासूनचा. परक्या राज्यातल्या माणसाला स्थानिक कोर्टात न्याय मिळेल का, या भीतीपोटी तो आला. याला डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन म्हणतात. आणि तिथे गेलात तरी कराराचा कायदा राज्याचाच लागतो.

डेलावेअरच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. कॉर्पोरेशन, म्हणजे शेअर असलेली कंपनी, जिथे नोंदली त्या राज्याची नागरिक असते. पण १९५८ पासून ती मुख्य कारभार जिथून चालतो त्या राज्याचीही नागरिक असते. कारभार कुठून चालतो हे ठरवायचं कसं, ते हर्ट्झ कंपनीच्या खटल्यात २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं: मोठे अधिकारी जिथे बसून सूत्रं हलवतात ते ठिकाण, म्हणजे बहुधा मुख्यालय. दुकानं किती, गिऱ्हाइकं कुठली, हे मोजायचं नाही. त्यामुळे डेलावेअरला नोंदलेली पण न्यू जर्सीत मुख्यालय असलेली कॉर्पोरेशन न्यू जर्सीच्या माणसासाठी घरचीच. हे अर्धं फॉरवर्डमधून गळलंय.

आता एलएलसी. खरा घात इथे आहे, कारण घरं बांधणारे, दुरुस्त करणारे, लहान दुकानदार बहुतेक एलएलसीच असतात. एलएलसी कुठे नोंदली आणि ऑफिस कुठे, याला इथे काडीची किंमत नाही. तिचे जेवढे सदस्य, म्हणजे मालक, त्या प्रत्येकाच्या राज्याची ती नागरिक. भागीदारी संस्थांना सुप्रीम कोर्टाने हे १९९० मध्ये लावलं आणि फेडरल अपील कोर्टं एलएलसीलाही तेच लावतात. सदस्य दुसरी एलएलसी असेल तर तिचेही सदस्य शोधायचे, मग त्यांचे, शेवटच्या माणसापर्यंत. वादी पक्षातला एकही जण आणि प्रतिवादी पक्षातला एकही जण एकाच राज्याचे निघाले की संपलं. हा नियम १८०६ चा. आमच्या कंत्राटदाराच्या एलएलसीचा एक सदस्य न्यू जर्सीतच राहतो. मामेभाऊही तिथलाच. झाली फेडरल केस!

'टाकून तर बघू, नाही म्हणाले तर परत राज्यात' असं कुणी म्हणेल. २००४ चा ग्रुपो डेटाफ्लक्स विरुद्ध ॲटलस ग्लोबल हा निकाल वाचा. टेक्सासमधली भागीदारी संस्था, समोर मेक्सिकोची कंपनी. तीन वर्षं खटला चालला, सहा दिवस ज्युरीपुढे सुनावणी झाली, ज्युरीने वादीला साडेसात लाख डॉलर दिले. मग प्रतिवादी म्हणाला, केस टाकली त्या दिवशी तुमचे दोन भागीदार मेक्सिकोचे होते, म्हणजे दोन्हीकडे परदेशी, आणि तसं असलं की हे दार बंद. ते दोघे सुनावणीच्या महिनाभर आधीच बाहेर पडले होते. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दाखल केल्या दिवशीची स्थितीच पाहायची. साडेसात लाख हवेत गेले. तोवर राज्याच्या कोर्टातली मुदत संपली तर? काही राज्यांत त्यावर सवलत असते, सगळीकडे नाही.

सदस्यांची यादी डेलावेअरच्या नोंदणी कागदात नसते. १ डिसेंबर २०२२ पासून अशा खटल्यांत पक्षकारांना आपलं नागरिकत्व सुरुवातीलाच लेखी सांगावं लागतं, पण ते केस दाखल करताना. त्याआधी शोधणं तुमचं काम.

बाकीचं पटकन. रक्कम ७५ हजारांहून जास्त हवी, बरोब्बर ७५ हजार नाही. आणि व्याज, कोर्टखर्च त्यात धरत नाहीत.

ग्रीन कार्डवाले या कामी परदेशीच धरले जातात, हे खरं. पण २०११ च्या दुरुस्तीनंतर ग्रीन कार्डधारक आणि समोरचा एकाच राज्यातले असतील तर हे दार बंद. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाने फक्त भारतात नोंदलेल्या, भारतातूनच चालणाऱ्या कंपनीवर केस केली तरी बंद, दोघे परदेशी म्हणून. अमेरिकी नागरिकत्व घेऊन कायमचा पुण्यात परतलेल्याची गंमत तर वेगळीच: तो कुठल्या राज्याचाही नाही आणि परदेशीही नाही, म्हणून त्यालाही दार बंद.

करारातलं कलम? कोर्टाला नसलेला अधिकार दोन पक्ष सह्या करून देऊ शकत नाहीत. १८०४ मध्ये तर फेडरल कोर्टात स्वतः केस टाकून हरलेला वादीच वर गेला, म्हणाला माझ्याच अर्जात नागरिकत्व लिहिलं नव्हतं, आणि सुप्रीम कोर्टाने निकाल रद्द केला.