जाळी नाही म्हणून ऑपरेशन वाया?

अंग बाहेर येण्याच्या त्रासाबद्दल, म्हणजे गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी खाली उतरते त्याबद्दल, बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑपरेशनात नुसते टाके घातले तर ते सुटतात. आधाराला कृत्रिम जाळीच बसवून घ्या. नाहीतर गर्भपिशवी काढून टाका, कटकट संपेल.’

‘टाके सुटतात.’ बरेचसे टाके विरघळणारेच असतात. पुढे भार पेलायचा असतो तो जखम भरून घट्ट झालेल्या आपल्याच ऊतींनी. त्या पुन्हा सैल पडू शकतात, हे मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या ‘ऑप्टिमल’ चाचणीत जाळीविना दोन पद्धतींची तुलना झाली. ५ वर्षांनी एकीत ६१.५ टक्के आणि दुसरीत ७०.३ टक्के ऑपरेशनं ‘अयशस्वी’ ठरली. आकडा धडकी भरवणाराच आहे. पण अपयश कशाला म्हटलं होतं? बाईला काहीच जाणवत नसलं, तरी तपासणीत भाग ठरलेल्या रेषेखाली दिसला की अपयश! फुगवटा पुन्हा जाचतो असं सांगणाऱ्या दहात साधारण चार होत्या, पुन्हा उपचार घेणाऱ्या जेमतेम एक. आणि एकूण त्रास ५ वर्षांनीही ऑपरेशनआधीपेक्षा बराच कमी होता. बाई डॉक्टरकडे जाते ती त्रासासाठी, रेषेसाठी नव्हे.

‘जाळीच बसवा.’ योनीमार्गे घातलेल्या जाळीने भाग पुन्हा उतरण्याचं प्रमाण काहीसं घटतं, एवढं खरं. पण ब्रिटनच्या ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीत (२०१७) पहिल्यांदाच दुरुस्ती करून घेणाऱ्या बायकांना २ वर्षांनी जाळीवाल्या आणि बिनजाळीवाल्या गटांत सारखाच आराम होता. वर जाळीवाल्या दहातल्या एकीहून अधिक जणींना जाळीचाच उपद्रव झाला. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या कामासाठीच्या योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. पोटातून बसवतात ती जाळी निराळी, ती आजही वापरतात. मेसेजवाल्यांनी दोन्ही एकाच पोत्यात भरल्यात.

‘पिशवी काढा.’ दोष पिशवीचा नसतो, तिला धरून ठेवणाऱ्या बंधांचा असतो. ते तसेच ठेवून पिशवी काढली, तर योनीचा वरचा भागच पुढे खाली उतरू शकतो. मुंबईच्या डॉ. पुरंदऱ्यांनी तर रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाच्या पट्ट्या वापरून पिशवी वर टांगायची पद्धत काढली होती. जाळी नाही आणि पिशवीही शाबूत.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये यायला हवी होती. फुगवटा, ओढल्यासारखं वाटणं, बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी न होणं, यांत ऑपरेशनने बहुधा चांगला फरक पडतो. कंबरदुखीची तशी हमी नाही. उलट काहींना खोकताना लघवी सुटण्याचा त्रास नव्यानेच सुरू होतो: खाली आलेल्या लघवीच्या पिशवीमुळे मूत्रनळीला बाक पडलेला असतो, तो सरळ झाला की गळती उघडी पडते. ऑपरेशनआधी फुगवटा आत धरून बाईला खोकायला सांगतात, ते यासाठीच.