सर, यात खोटा इतिहास कुठे आला?

सर, 'द ईगल ऑफ द नाइन्थ' या मुलांच्या कादंबरीवरच्या माझ्या पोस्टवर सविस्तर कमेंट लिहिलीत, थँक्यू. तुमचं म्हणणं असं की रोमनांची नववी लीजन, म्हणजे हजारो सैनिकांची तुकडी, स्कॉटलंडात गडप वगैरे झाली नव्हती, म्हणजे 'द ईगल ऑफ द नाइन्थ' पोरांना खोटा इतिहास शिकवतं, आणि लेखिका रोझमेरी सटक्लिफचं आजारपण मी उगाच सहानुभूतीसाठी आणलं.

पहिलं पटकन. यॉर्कचा १०८च्या सुमाराचा शिलालेख हा ब्रिटनमधला तिचा शेवटचा पक्का पुरावा, नेदरलँड्सात नायमेखनलाही तिचे शिक्के सापडलेत म्हणून ती तिकडे गेली असेल असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण वाद मिटलाय कुठे? पुस्तक १९५४चं. आणि बाईंनी प्रस्तावनेतच सांगून टाकलंय की लीजनचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही, इंग्लंडात सिल्चेस्टरला सापडलेला बिनपंखांचा रोमन गरुड (लीजनचं मानचिन्ह गरुडच असायचं) तिथे कसा आला तेही माहीत नाही, ही दोन कोडी जोडून गोष्ट रचलीये. अजून काय सांगायचं? तानाजीची घोरपड ऐकूनच आपण सिंहगड चढलो ना, भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी त्यानंतरची.

दुसरं मात्र अजिबात पटलं नाही. बाईंना लहानपणीच सांध्यांचा आजार झाला, ऑपरेशनं, हॉस्पिटलं, नऊ वर्षांच्या होईपर्यंत वाचताच येत नव्हतं, आई वाचून दाखवायची, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आता पुस्तकाचा नायक मार्कस बघा, रोमन सैन्यातला सेंच्युरियन, म्हणजे अधिकारी. पहिल्याच पोस्टिंगवर पाय कामातून जातो, सैन्यातलं करिअर खलास, नंतर सर्जन तीच जखम पुन्हा उघडून आत राहिलेले तुकडे शोधतो. त्याआधी हा सेंच्युरियन चक्क घाबरलेला असतो हो! मला तर ते पान लढाईपेक्षा भारी वाटतं. आणि पाय काही पूर्ण बरा होत नाही, डोळ्यांचा वैद्य बनून तो उत्तरेत लीजनचा हरवलेला गरुड शोधायला जातो तेही लंगडतच. हे कुठून आलं ते सांगायचं नाही? आपले नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचं अंग लुळं झालं आणि मग कादंबऱ्या लिहिल्या, हे आपण गडावर जाताना कौतुकाने सांगतोच की.

तुमची नात अकरा वर्षांची म्हणालात ना, मग द्याच तिला. इंग्रजी जरा जड आहे, सुरुवातीला तुम्ही वाचून दाखवा, लांडग्याचं पिल्लू घरात आलं की पुस्तक ती हातातून ओढून घेईल.