एक मुलगा, दोन फाइली

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून सोडवून आणलेल्या मुलांची बातमी कुणीतरी टाकली आणि खाली लगेच सुरू झालं. 'शिकलीसवरलेली पोरं, फसतातच कशी?' 'हाव नडली, दुसरं काय.' 'आईबापांनी लक्ष द्यायला नको?' एकाने तर हसण्याचे इमोजी टाकले. मी तिथे काहीच लिहिलं नाही. लिहायचं तर आधी हे लिहावं लागलं असतं, की अशाच सुटून आलेल्या एका मुलाचे कागद माझ्या दुकानात प्रिंट झाले होते. त्याचे एकशे वीस रुपये घेतले होते मी. म्हणून इथे, स्वतःच्या वॉलवर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ठाण्यात वागळे इस्टेटला पासपोर्ट केंद्राजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अपॉइंटमेंट साडेअकराची आणि सव्वाअकराला लक्षात येतं की आधारवर नाव एक आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. मग घामाघूम होऊन माणसं माझ्याकडे येतात. फोटो, प्रिंट, झेरॉक्स, तिकीट, हॉटेल बुकिंग. धंदा बरा चालतो.

हा मुलगा किसननगरचा. नाव देत नाही, पण त्याला विचारून लिहितोय. बी.कॉम. झालेला, ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी, हातात अठरा हजार. आई पोळीभाजी विकते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो आला तेव्हा त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या दोन फाइली होत्या, एक गुलाबी, एक निळी. गुलाबीत ऑफर लेटर. डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, बँकॉक, महिना ऐंशी हजार, राहणं-जेवण कंपनीचं. निळीत पाच दिवसांचं पटायाचं हॉटेल आणि परतीचं तिकीट. मी सहज विचारलं, "अरे, नोकरीला चाललायस आणि पाच दिवसांत परत?" तर म्हणाला, "काका, ते डमी आहे. निळी फाइल एअरपोर्टवर दाखवायची, गुलाबी बॅगेत तळाशी ठेवायची. एजंटने सांगितलंय."

डमी तिकीट म्हणजे काय हे आमच्या लाइनीत शेंबडं पोरही सांगेल. पीएनआर खरा असतो, पैसे भरलेले नसतात, दोन-चार दिवसांत आपोआप रद्द होतो. तेवढ्यात काउंटर पार करून घ्यायचं. असे प्रिंट मी शेकड्यांनी काढले असतील. त्या दिवशीही काढले, दोन्ही फाइलींना दोन-दोन झेरॉक्स लावल्या आणि "ऑल द बेस्ट" म्हणालो.

आता आठवतं तेव्हा वाटतं, सगळी गोष्ट तिथेच समोर पडली होती. एकाच मुलाचे एका फाइलीत नोकरीचे कागद आणि दुसरीत सहलीचे. ज्या नोकरीचा कागद स्वतःच्या देशाच्या अधिकाऱ्यापासून कपड्यांखाली लपवावा लागतो, ती कसली नोकरी? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यालाही नाही. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना साठ दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली होती, सगळे जात होते, रील टाकत होते. ती सवलत फिरायला जाणाऱ्यांसाठी होती, तिच्यावर नोकरी करता येत नव्हती. एजंट मात्र ही ओळ बरोब्बर उलटी करून सांगतात, की व्हिसाची भानगडच नाही, पोचलास की कंपनी वर्क परमिट काढून देते.

बँकॉकला उतरल्यावर त्याच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा होता. त्या पाटीचा फोटो काढून त्याने आईला पाठवला. त्या माउलीने दुकानात येऊन मला तो दाखवला होता, पेढ्यांसकट.

ऑफिस शहराबाहेर आहे, तासाभराचा रस्ता, असं त्याला सांगितलं होतं. तास झाला, दोन झाले. मध्ये पेट्रोल पंपावर गाडी बदलली, ड्रायव्हर बदलला. नवा ड्रायव्हर इंग्रजी येत नाही असं दाखवत होता. गाडी चालली होती माए सोतला, बँकॉकपासून साधारण पाचशे किलोमीटर. म्हणजे ठाण्याहून निघून बेळगाव. नोकरी बँकॉकची आणि गाडी बेळगावला, हे कळत नव्हतं का तुला? मी विचारलंच. तो म्हणाला, "चौथ्या तासाला कळलं. पण उतरून करणार काय होतो, काका? सिम त्यांनीच दिलेलं. आणि आईने पतपेढीतून दीड लाख काढले होते."

ते दीड लाख एजंटने घेतले होते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हे मला स्वतःला हे सगळं होऊन गेल्यावर कळलं. बारा वर्षं पासपोर्टचे फॉर्म भरतोय मी.

माए सोत थायलंडच्या ताक प्रांतात आहे. गावाच्या कडेने मोए नदी वाहते आणि पलीकडचा काठ म्यानमारचा, गाव म्यावडी. दोन्ही काठांना जोडणारा पक्का पूल १९९७ पासून आहे आणि दोन्ही टोकांना इमिग्रेशनची खिडकी आहे. मुलाला पुलावरून नेलं नाही. अंधार पडल्यावर शेतातल्या वाटेने काठावर नेलं, तिथे होडी होती. दोन मिनिटं लागली असतील, म्हणतो. कळव्याच्या पुलाखालची आपली खाडी त्याहून रुंद आहे. पलीकडे बंदुका घेतलेली माणसं उभी होती. वर्दीत होती, म्हणून त्याला उलट बरंच वाटलं. पोलीस असतील, त्यांना सांगू, असं मनात आलं त्याच्या.

पोलीस नव्हते ते. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हापासून तो देश यादवीत आहे. म्यावडीच्या त्या पट्ट्यात करेन या तिथल्या जमातीच्या सशस्त्र गटांचं चालतं. त्यातला सॉ चिट थू हा म्होरक्या, त्याच्यावर अमेरिकेने मे २०२५ मध्ये निर्बंध घातले ते याच सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांना थारा दिल्याबद्दल. अड्डे चिनी टोळ्यांचे, जमीन आणि बंदुका यांच्या. तक्रार करायची कुणाकडे?

तो पासपोर्ट नंतर मी हातात घेऊन पाहिला. आमचा धंदाच तो. थायलंडमध्ये आल्याचा शिक्का आहे, त्यानंतर सहा महिने कोरी पानं. म्हणजे थायलंडच्या दप्तरी हा साठ दिवस उलटूनही न गेलेला पर्यटक, दिवसाला पाचशे बाथ दंड, वीस हजारापर्यंत. म्यानमारच्या दप्तरी तो आलेलाच नाही, सापडला तर घुसखोर. आणि आपल्या दप्तरी पाच दिवस पटायाला गेलेला पोरगा. तीन देशांच्या वह्यांत तो जिथे आहे तिथे कुठेच नाही. आईने वकिलातीला मेल केली तर वकिलात शोधणार कुठे? माझं म्हणणं आहे की होडीत बसला तेव्हा तो बेकायदा झाला हे अर्धंच खरं. मुंबईच्या काउंटरवर निळी फाइल पुढे करून "फिरायला" म्हणाला, तिथेच त्याच्या पायाखालची फळी निघाली होती. आणि ती फळी काढायला स्टेपलर मी मारला होता.

आतलं फार लिहीत नाही. थोडंच सांगतो. काम होतं बायकांच्या नावाने खोटी प्रोफाइल चालवायचं. रोज पंधरा-सोळा तास. समोरच्याशी आठवडेच्या आठवडे गोड बोलायचं, जेवलास का विचारायचं, मग हळूच क्रिप्टोत पैसे लावायला सांगायचं. चिनी टोळ्या त्याला 'डुक्कर कापणं' म्हणतात, आधी पोसायचं, मग कापायचं. टार्गेट चुकलं की मार, नाहीतर उन्हात उभं करणं. घरी जायचं म्हटलं की डॉलरमध्ये आकडा सांगायचे. दुसरा माणूस आणून दे, तुझे माफ, असंही.

एकदा त्याच्या यादीत ठाणे वेस्टचा माणूस निघाला. रिटायर झालेला, बायको गेलेली. तो चॅट आपण मुद्दाम बिघडवला आणि त्याबद्दल मार खाल्ला, असं त्याने मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, झेरॉक्सच्या ट्रेमधले कागद सारखे करत होता. मी पुढे विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. तिथे डांबलेली पोरं एकाच वेळी फसवलेलीही असतात आणि फसवणारीही. काही जण खरोखरच माणसं पुरवायला लागतात, एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने ६०हून जास्त जणांना सोडवलं तेव्हा एजंटांना अटकही केली. ग्रुपवर निकाल देणाऱ्यांनी हे सगळं एका इमोजीत बसवून दाखवावं.

आणि हे दोन-चार पोरांचं प्रकरण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेला अंदाज असा, की एकट्या म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार माणसं जबरदस्तीने या कामाला जुंपलेली आहेत आणि कंबोडियात सुमारे एक लाख.

तो सुटला कसा, तर एका चिनी नटामुळे, असं म्हटलं तरी चालेल. वांग शिंग नावाच्या नटाला जानेवारी २०२५ मध्ये शूटिंगच्या नावाखाली माए सोतहून पलीकडे पळवलं, चीनमध्ये गदारोळ झाला, मग सगळ्यांना जाग आली. ५ फेब्रुवारीला थायलंडने सीमेपलीकडची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. "लाइट गेली तेव्हा आम्ही सगळे ओरडलो," मुलगा म्हणतो, "आणि दहा मिनिटांत जनरेटर लागले." पण दबाव वाढला आणि त्या सशस्त्र गटाने सात हजारांच्या आसपास माणसं अड्ड्यांतून बाहेर काढली. बाहेर म्हणजे मोठ्या शेडमध्ये, जमिनीवर, आठवडेच्या आठवडे. १० मार्चला हवाई दलाच्या विमानाने २८३ भारतीय माए सोतहून परत आले, दुसऱ्या दिवशी २६६. या दुसऱ्या विमानात तो होता. येताना मात्र त्याला पुलावरून आणलं.

मग ऑक्टोबरात म्यानमारच्या लष्कराने केके पार्क नावाच्या मोठ्या अड्ड्यावर धाड टाकली, दीड हजारांहून जास्त माणसं नदी ओलांडून माए सोतला पळाली, आणि नोव्हेंबरात आपलं विमान पुन्हा तिथे. त्यातले किती मार्चनंतर गेलेले देव जाणे, पण त्या टोळ्यांचं दुकान बंद पडलं नव्हतं एवढं नक्की.

सरकारने सांगितलं नव्हतं असंही नाही. परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजी काढलेल्या सूचनेत हेच लिहिलं होतं, थायलंडमध्ये डिजिटल सेल्सची नोकरी म्हणून नेतात आणि म्यानमारमध्ये पोचवतात. पदाचं नावसुद्धा तेच, जे दोन वर्षांनी मी गुलाबी फाइलीत पाहिलं. सूचना मंत्रालयाच्या वेबसाइटवर होती आणि एजंट पोराच्या टेलिग्रामवर. कोण आधी पोचणार?

अजून एक गंमत बघा. दहावी न झालेला गवंडी सौदीला निघाला तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे 'जाण्याआधी तपासणी लागेल' असा शेरा. असे अठरा देश आहेत, त्यात थायलंडही आहे. तिथे कामाला जाण्याआधी त्याला सरकारी परवानगी लागते, करार बघतात, विमा बघतात. दहावी पास झालात की ईसीएनआर, म्हणजे तपासणी नको, तुम्हाला कुणी काही विचारत नाही. माझ्याकडे पोरं दहावीचं सर्टिफिकेट घेऊन येतात ती बहुतेक यासाठीच. शिकलेल्याला अक्कल असते असं कायद्याने धरून चाललंय, आणि टोळ्यांना तर इंग्रजी टाइप करणारी, चॅटवर गोड बोलणारी शिकलेली पोरंच हवी असतात. म्हणजे गवंड्यासाठी कुंपण आहे आणि बी.कॉम.साठी रान मोकळं. बी.कॉम.वाल्यांनाही परवानगीच्या रांगेत उभं करा असं मी म्हणत नाही, रांगांवरच माझं पोट आहे आणि त्यातला त्रास मला माहीत आहे. पण सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा नोंदणी क्रमांक घालून बघायला दोन मिनिटं लागतात, नाव नसेल तर विषय संपला. आता मी ते विचारल्याशिवाय प्रिंट काढत नाही. गिऱ्हाइकं चिडतात. एक जण म्हणाला, "तुम्ही झेरॉक्सवाले आहात की पोलीस?"

मुलगा सध्या घरीच असतो. अनोळखी नंबर उचलत नाही. पतपेढीचा हप्ता चालू आहे, आई रोज वीस पोळ्या जास्त लाटते.

मागच्या बुधवारी एक मुलगी आली, बरोबर आई. "काका, हॉटेलचं बुकिंग पाहिजे, फक्त दाखवायला." कुठलं, तर बँकॉक. परतीचं तिकीट? "ते एजंट देतो, ते खोटंच असतं ना." मी मशिन बंद केलं, दोघींना बसायला स्टूल दिले आणि किसननगरला फोन लावला. वीस मिनिटांत तो आला. चहा मागवला. तो हळू आवाजात बोलत होता, मुलगी ऐकत होती, आई मध्ये मध्ये "पण हिचा एजंट ओळखीतला आहे" म्हणत होती. तासभर चाललं. शेवटी त्याने स्वतःचा पासपोर्ट काढून तिला ती कोरी पानं दाखवली.

मुलीने प्रिंट न घेता फाइल बंद केली आणि दोघी निघून गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत. चार दुकानं सोडून पलीकडे प्रिंट पाच रुपयांना मिळते, आणि तिथे कुणी काही विचारत नाही.