क्वालिफाय म्हणजे काय?

भाच्याचे सॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, गुण आले. गणितात ८००पैकी ७८०, इंग्रजी वाचन-लेखनात ८००पैकी ५९०. पाठोपाठ सांगलीहून ताईचा फोन. "पहिलीपासून इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर ही वेळ आली नसती गं!" मागून भावोजी, "मी तेव्हाच सांगत होतो." आमच्या घरात हा वाद पोराच्या बारशापासून चालू आहे.

बोस्टनजवळ राहून मला त्यात वेगळंच काही दिसतं. कोविडच्या काळात सॅट ऐच्छिक झाली होती. एमआयटीने ती २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन आणि हार्वर्ड या विद्यापीठांनीही. म्हणजे ५९०ला आता लपायला जागा नाही.

व्हिडिओ कॉलवर त्याच्या सराव परीक्षेतल्या चुका पाहिल्या. एका पर्यायात लेखक आधीचं विधान 'क्वालिफाय' करतो असं होतं. आपल्याकडे सीईटीत क्वालिफाय होणं म्हणजे पात्र ठरणं, म्हणून याने अर्थ लावला की विधान खरं ठरवलं. तिथे अर्थ होता, विधानाला मर्यादा घातली, त्याचा जोर कमी केला. जवळजवळ उलट! गंमत म्हणजे सुरुवातीपासून इंग्लिश मीडियमला असलेली त्याची चुलतबहीणही तिथेच अडकली. वाचन-लेखनाच्या चौपन्न प्रश्नांना ६४ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून कमी. शंका घ्यायला उसंतच नाही.

टोफेलवर माझा राग नाही. ती सरळ विचारते, इंग्रजी किती येतं? सॅटच्या नावातच मुळात 'ॲप्टिट्यूड', म्हणजे अंगची क्षमता, होतं. पहिली सॅट १९२६ ची. ती घडवणाऱ्या कार्ल ब्रिघमने त्याआधी, १९२३ मध्ये, सैन्यातल्या चाचण्यांवरून नव्या स्थलांतरितांची बुद्धी कमी ठरवली होती. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही, त्यांना अशा चाचण्यांनी मोजता येत नाही, हे त्याला कळलं होतं. आज इथल्या शाळेत इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना शाळेत होणाऱ्या सॅटसाठी दीडपट वेळ आणि द्वैभाषिक शब्दकोश मिळू शकतो. सांगलीच्या मुलाला यातलं काही नाही. आपल्याकडे जेईई मेन २०२१ पासून मराठीतून देता येते, याचं मोल मला इथे बसून जास्त कळतं.

तरी परीक्षा रद्द करा असं मी म्हणणार नाही, आणि यावर इथल्या मैत्रिणी माझ्याशी भांडतात. सॅट गेली तर उरतात निबंध, शिफारसपत्रं, छंदांच्या याद्या. ते सगळं पैसे देऊन घासूनपुसून घेता येतं. डार्टमथच्या अभ्यासात तर असं दिसलं की परीक्षा ऐच्छिक असताना साधनं कमी असलेल्या मुलांनी फायद्याचे ठरले असते असे गुणही कमी समजून कळवलेच नव्हते. ताईच्या मुलाचे ७८० कुठल्याही सल्लागाराने लिहून दिलेले नाहीत. प्रवेश समितीने दोन आकडे वेगवेगळे वाचावेत आणि ५९०च्या शेजारी 'दहावीपर्यंत मराठी माध्यम' हेही वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

ताईला म्हटलं, माध्यमाचं राहू दे, त्याला रोज एखादा इंग्रजी अग्रलेख वाचून लेखक कुठे वळतो ते मराठीत सांगायला लाव. ती "बघते" म्हणाली. म्हणजे भावोजींना विचारणार.

काल रात्री पोराचा मेसेज आला: "मावशी, चॅम्पियन हे क्रियापद पण असतं?"