पंचगंगेकाठी खारफुटी लावून महापूर थांबणार नाही

'सुंदरबनची बेटं खारफुटीनं उभी केली. ती तोडली म्हणून तिथलं लोहाचारा बेट बुडालं. भोवती उंच बांध घालून खारफुटी लावली की बेट कायमचं वाचतं. आपणही पंचगंगेकाठी खारफुटी लावून महापूर रोखूया!' हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिच्या पेठेतल्या मंडळानं रोपांसाठी वर्गणीही सुरू केली. ती कृपा करून थांबवा.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडते ती गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसानं, आणि नरसोबावाडीला कृष्णा भरली की मागं येणाऱ्या फुगवट्यानं. ते पाणी कुठल्याच झाडाच्या मुळांनी अडत नाही. उलट पुराच्या वाटेत दाट झाडी उभी केली तर पाणी आणखी तुंबतं. काठच धरून ठेवायचा असेल तर करंज, उंबर, वाळुंज आपल्याकडं आहेतच.

आता सुंदरबन. तिथली जमीन गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाची. भरतीबरोबर गाळ चढतो, चिखलाचा पट्टा ओहोटीत उघडा पडू लागतो, त्यावर आधी गवत धरतं आणि मग तिवर, चिप्पी येतात. मुळं पाण्याचा वेग मोडतात, त्यामुळं गाळ जास्त बसतो आणि लाटांचा मार कमी होतो. एवढा भाग खरा, मान्य. पण गाळ आलाच नाही तर झाडं बेट बनवत नाहीत. भांगादुनी बेटावर वस्ती नाही, जंगल आहे, तरी समुद्राच्या बाजूनं ते झिजतंच आहे. लोहाचाराचं खापर एकट्या झाडतोडीवर फोडता येत नाही ते म्हणूनच.

सगळ्यात घातक मुद्दा बांधाचा. बेटं गाळानं पुरेशी उंच होण्याआधीच जंगल तोडून तिथं भातशेती झाली. शेत भरतीच्या पातळीखाली, म्हणून भोवती मातीचा बांध. बांधानं खारं पाणी अडतं आणि त्याबरोबर गाळही. आतली माती दबत जाते, वर नवा थर चढत नाही. अडलेला गाळ बाहेर खाडीतच बसतो, तळ वर येतो, मग ओहोटीतही स्लुइसमधून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, पावसाचं पाणी निघत नाही आणि शेत तुंबतं. बांध जितका उंच कराल तितका तो फुटल्यावरचा लोंढा मोठा.

2015 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये बांगलादेशातल्या 32 क्रमांकाच्या पोल्डरचा, म्हणजे बांधानं वेढलेल्या जमिनीचा, अभ्यास आला. 1960च्या दशकात बांध घातल्यापासून आतली जमीन 1 ते 1.5 मीटर खाली गेली होती, शेजारचं जंगल मात्र बरंचसं जागच्या जागी. 2009 च्या आयला वादळात बांध फुटले, दुरुस्तीला सुमारे दोन वर्षं लागली. लोकांचे अतोनात हाल झाले. पण तेवढ्या काळात दहा-वीस सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त, म्हणजे एरवी काही दशकांत बसेल इतका गाळ आत बसला.

बांधाबाहेर खारफुटीचा पट्टा हवाच, तो लाटा खातो. पण आतली जमीन तो उचलत नाही. त्यासाठी भरतीला आत घ्यावं लागतं. 1997 मध्ये बांगलादेशातल्या भायना बिलात (बिल म्हणजे खोलगट पाणथळ जागा) गावकऱ्यांनी स्वतःच बांध कापला, काही वर्षांत आत जमीन चढली आणि बाहेरची नदी खोल झाली. त्याच धर्तीवर पुढं सरकारी योजना आल्या. त्या अडतात त्या भरपाईवर: तेवढी वर्षं ज्याचं शेत पाण्याखाली राहणार, त्यानं खायचं काय?