पोटमाळ्याच्या टर्बो पंख्यांबद्दल (छपरावर बसवलेले, वाऱ्यावर फिरून आतली हवा बाहेर काढणारे) आपल्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका,

पहिल्याच पावसात डावीकडच्या पंख्याखाली पाणी टिपकलं, ती चूक आमच्या माणसांची. बेस प्लेटची, म्हणजे पंख्याखालच्या पत्र्याची, वरची कड रिजच्या (आढ्यावरच्या) पत्र्याखाली सरकवायची असते, म्हणजे पाणी प्लेटवरून वाहून जातं. ती नुसती वर ठेवून सिलिकॉन मारलं गेलं. उन्हात पत्रा पसरतो, रात्री आकसतो, आणि असा जोड टिकत नाही. माफ करा. दुसऱ्याच दिवशी प्लेट नीट बसवून दिली, एक रुपयाही घेतला नाही. हेही दोन शब्दांत लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

पण "दोन्ही पंखे शोभेचे, माळा तेवढाच तापतो" हे मात्र सहन झालं नाही. टर्बो बाहेरच्या वाऱ्यावर फिरतो. तो फिरताना दिसला म्हणजे आतली हवा निघतेच असं नाही. वरून हवा जायची तर खालून तेवढीच आत यायला हवी. आपला माळा ३० बाय २० म्हणजे ६०० चौरस फूट. पत्र्याखाली आम्ही क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग हवेसाठी मोकळा धरतो, म्हणजे ४ चौरस फूट, त्यातला निम्मा वळचणीला आणि निम्मा वर. २४ इंची एका टर्बोचा गळाच (हवा जायचं तोंड) ३ चौरस फुटांच्या आसपास असतो, म्हणून एकच पुरेल असं सांगितलं होतं. दुसरा आपल्या आग्रहावरून बसवला.

खालचे २ चौरस फूट म्हणजे २८८ चौरस इंच. १२ बाय ६ इंचांचा झरोका ७२ चौरस इंचांचा, पण पट्ट्या आणि जाळी वजा केली तर हाती निम्मंच उरतं. म्हणून कोटेशनमध्ये आठ झरोके होते, दोन्ही बाजूंना चार-चार. ती ओळ आपण स्वतः पेनने खोडलीत. शिवाय वळचणीची जी नैसर्गिक फट होती, तीही उंदीर येतात म्हणून गोणपाट आणि थर्माकोल कोंबून बंद केलीत. आता पंखा हवा आणणार कुठून? माळ्याच्या झडपेतून! झडपेच्या फटीशी उदबत्ती धरून बघा, धूर वर खेचला जाईल. म्हणजे बेडरूममधली एसीची थंड हवा पत्र्याबाहेर चालली आहे, आणि वळचणीकडच्या कोपऱ्यांतली गरम हवा जागची हलत नाही.

दुसऱ्या कारागिराने आढ्याला फट ठेवायला सांगितली, असंही आपण लिहिलंत. नुसती रिज उघडी ठेवली तर ती पद्धत चांगलीच आहे. पण टर्बोसोबत नको, कारण पंखा दोन फुटांवरच्या त्या फटीतूनच हवा ओढेल आणि खालची तशीच राहील. दोन्हींपैकी एकच.

आणि वारा खेळता झाला तरी तापलेला पत्रा वरून भाजतोच. त्यासाठी पर्लिनखाली (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांखाली) फॉइल, पत्र्यापासून निदान इंचभर अंतर सोडून, किंवा सीलिंगवर ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लागतं. हे काम वेगळं, आणि ते आपल्या ऑर्डरमध्ये नव्हतं.

बिलातले जादा १,८०० रुपये किचन चिमणीच्या पाइपचे. तो माळ्यातच उघडा सोडलेला होता. तेलकट वाफ लाकडाला आणि पत्र्याला लागत होती, म्हणून बाहेर काढून दिला. बिलात मात्र नुसतं "इतर काम" लिहिलं गेलं, ते नीट लिहायला हवं होतं. पुढे लक्ष ठेवू.

गोणपाट काढा आणि तिथे पाव इंची जाळी लावा, उंदीर येणार नाही. बारीक मच्छरजाळी नको, ती धुळीने बुजते. आठ झरोके जुन्याच दराने बसवून देतो. फोन उचलत नाही म्हणालात, तर सकाळी अकरापर्यंत आम्ही पत्र्यावर असतो, नंतर तिथे पाय ठेवता येत नाही. दुपारी करा.