सुलोचनाच्या साडीचा रंग कॉम्प्युटरला कुणी सांगितला?

गेले काही दिवस नागपुरातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे. सोसायटीचा ग्रुप, फुटाळ्यावर सकाळी चालायला जाणाऱ्यांचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, कुठूनही येऊन पडतो. सोबत ढीगभर फोटो: सुलोचना, पेशन्स कूपर, मास्टर विठ्ठल, झुबेदा, ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती, आणि तिकडचे चार्ली चॅप्लिन, क्लारा बो, ॲना मे वाँग. सगळ्यांचे गाल गुलाबी, ओठ लालचुटुक. खाली मजकूर असा: “मूकपटांचे तारे पहिल्यांदाच मूळ रंगात! त्या काळी सिनेमात रंग नव्हतेच, म्हणून ही माणसं जगासाठी काळीपांढरी राहिली. आता कॉम्प्युटर राखाडी छटेवरून खरा रंग अचूक ओळखतो. जुन्या फोटोपेक्षा हे फोटो जास्त खरे आहेत. असेच रंग देऊन आपण सिनेमाचा वारसा वाचवूया.”

मूकपटांचं वेड मला आहे आणि जुने फोटो रंगवायचा नादही आहे. तेव्हा फोटो रंगवले म्हणून मी रागावलेलो नाही. माझं भांडण त्या मजकुराशी आहे. त्यातली चारही विधानं चुकीची आहेत, आणि एक तर इतकं चुकीचं आहे की ते समजून घेण्यातच खरी गंमत आहे.

पहिलं विधान, त्या काळी सिनेमात रंग नव्हतेच. हे खोडायला फार कष्ट नकोत. १९२० च्या आसपास युरोप-अमेरिकेत बहुतेक चित्रपटांच्या प्रती रंगात बुडवून काढत. रात्रीचा प्रसंग निळा, दिव्याच्या उजेडातला पिवळसर, आग लागली की लाल. दुसऱ्या एका पद्धतीत फिल्मवरचं चित्र ज्या चांदीच्या कणांचं असतं, त्या चांदीचंच रसायनाने रूप पालटत, म्हणजे सावल्या रंगीत आणि उजेडाचे भाग पांढरे राहत. पुढे या प्रतींच्या नकला साध्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर निघाल्या, रंग तिथे गळाला आणि आपण टीव्हीवर पाहिल्या त्या अशाच नकलांच्या नकला. त्याही आधी पॅरिसमध्ये एलिझाबेथ थ्युलिए यांच्या कारखान्यातल्या बायका फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या चित्रपटांची एकेक चौकट कुंचल्याने रंगवत होत्या. बोटाच्या पेराएवढ्या चौकटीत झगा वेगळा, धूर वेगळा. ते काम डोळ्यासमोर आणलं की आजच्या एका बटणाच्या रंगकामाबद्दल फारसा आदर उरत नाही.

कॅमेऱ्यात थेट टिपलेला रंगही होता. १९२२ चा ‘द टोल ऑफ द सी’ हा मूकपट टेक्निकलर या अमेरिकन कंपनीच्या दोन रंगांच्या पद्धतीने चित्रित झाला. नायिका ॲना मे वाँग, वय वर्षं सतरा. तांबडा आणि हिरवा एवढ्यावरच सगळं भागवायचं असल्यामुळे निळा रंग त्यात नीट उतरत नाही, पण तिच्या कपड्यांचे आणि चेहऱ्याचे रंग त्या वेळी कॅमेऱ्यासमोर होते तिथूनच आलेले आहेत. डग्लस फेअरबँक्सचा १९२६ चा ‘द ब्लॅक पायरेट’ही याच पद्धतीचा. म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी जिला “पहिल्यांदाच” रंगात आणलं, ती शंभर वर्षांपूर्वीच रंगात आली होती आणि तो चित्रपट आजही बघायला मिळतो.

आता ते मोठं विधान: कॉम्प्युटर राखाडी छटेवरून खरा रंग ओळखतो.

त्या काळी फोटोसाठी आणि सिनेमासाठी सर्रास वापरात असलेल्या फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून ती निर्धास्त धुता यायची. लाल दिसत नाही म्हणजे लाल वस्तू फोटोत काळी येणार. उलट निळ्याला ती फार हळवी, म्हणून निळं आकाश पांढरंफटक. सगळे रंग बऱ्यापैकी ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म कोडॅकने सिनेमासाठी १९१३ पासून बनवली खरी, पण स्टुडिओंमध्ये ती रुळली १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्या वेळी नटनट्यांची रंगभूषाही बदलावी लागली. आधीच्या फिल्मवर तांबूस कातडी काळवंडून डागाळलेली दिसे, म्हणून चेहऱ्यावर जाड लेप असायचा. नव्या फिल्मला तो चालेना, तेव्हा हॉलिवूडचा रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर याने १९२८ मध्ये खास पँक्रोमॅटिक फिल्मसाठी वेगळी रंगभूषा बाजारात आणली. जुन्या फोटोतल्या चेहऱ्याचा राखाडी रंग हा बहुतेक वेळा त्या लेपाचा राखाडी आहे, माणसाच्या कातडीचा नाही.

आणि कॉम्प्युटर काय शिकलेला असतो? त्याला आजचे लाखो रंगीत फोटो देतात, त्यातला रंग काढून टाकतात आणि सांगतात, आता ओळख. रंग काढायचं नेहमीचं सूत्र ठरलेलं आहे: हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११. म्हणजे त्याच्या शाळेत लाल मध्यम राखाडी असतो आणि निळा गडद. १९२० च्या फिल्मवर लाल काळा आणि निळा फिका. बरोबर उलटं. परीक्षा एका विषयाची आणि अभ्यास दुसऱ्याच.

एक लुगडं घेऊ. समजा बाईंनी निळं नागपुरी लुगडं नेसलंय, काठ लाल, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या काळच्या फिल्मवर लुगड्याचं अंग जवळजवळ पांढरं येईल, काठ काळा आणि कुंकूही काळं. कॉम्प्युटर हे बघून बाईंना पांढऱ्या साडीत, काळ्या काठात उभं करील आणि कपाळावर काळी टिकली ठेवील. सवाष्णीचा सगळा शृंगार तिथेच उतरला! त्याला दोष देऊन उपयोग नाही. लाल किती होता ही माहिती फोटोत उतरलीच नव्हती. जे टिपलं गेलं नाही ते “ओळखणार” कुठून?

फॉरवर्डमधली क्लारा बो घ्या. ती तांबड्या केसांची म्हणून जगप्रसिद्ध होती. १९२८ मध्ये तिच्या चित्रपटाचं नावच ‘रेड हेअर’ होतं आणि ते केस दिसावेत म्हणून त्यातला काही भाग टेक्निकलरमध्ये काढला होता. काळ्यापांढऱ्या फोटोत तिचे केस गडद येतात आणि फॉरवर्डमध्ये ती काळ्याभोर केसांची झाली आहे. चॅप्लिनचे डोळे निळे होते, इथे तपकिरी आहेत. ज्यांचे रंग लेखी नोंदलेले आहेत त्यांची ही गत, तर ज्यांच्याबद्दल कुणी ओळही लिहून ठेवली नाही त्या आपल्या नट्यांच्या साड्यांचं काय सांगावं.

हे माझ्या शब्दावर मानू नका, घरी करून बघा. टेबलावर एक संत्रं ठेवा, शेजारी निळा रुमाल, आणि मोबाइलवर रंगीत फोटो काढा. मग फोटो काळापांढरा करताना रंगांचं प्रमाण बदलू देणारं एखादं ॲप घ्या आणि लाल पार शून्यावर आणा. संत्रं एकदम काळपट होईल, रुमाल उजळेल. तो काळापांढरा फोटो आता रंग देणाऱ्या ॲपला द्या. संत्र्याच्या आकारावरून ते कदाचित निभावून नेईल, कारण संत्री त्याने खूप पाहिली आहेत. रुमालावर मात्र त्याची पुरती फजिती होते. साडी, पागोटं, पडदा, शेला हे सगळे रुमालाच्याच जातीचे. आकारावरून त्यांचा रंग सांगता येत नाही.

फिल्म उत्तम असती तरी अडचण संपत नाही. एकच राखाडी छटा मेंदी हिरव्याची असू शकते, विटकरीची किंवा जांभळ्याची. अशा वेळी यंत्र सगळ्या शक्यतांच्या मधलं काहीतरी काढतं, म्हणून या फोटोंतले कपडे इतके मातकट दिसतात. आणि ज्या फोटोंवर ते शिकलं त्यात पाश्चात्त्य चेहरे जास्त, त्यामुळे मास्टर विठ्ठल थेट गोऱ्या साहेबासारखे गुलाबी झालेत.

“जुन्या फोटोपेक्षा जास्त खरे” या वाक्याने मात्र मी चिडलो. रंग देण्याआधी हे फोटो ‘स्पष्ट’ करणाऱ्या ॲपमधून काढलेले दिसतात. तिथे यंत्र पापण्या, दात, त्वचेची छिद्रं स्वतःच्या मनाने भरतं. तारामतीचा फोटो बघा. ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली होती, मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाला असलेल्या एका पुरुषाने. १९१३ साली सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांना हा मार्ग काढावा लागला. मूळ फोटोत त्यांचा रुंद जबडा दिसतो, आणि तोच त्या फोटोचा इतिहास आहे. फॉरवर्डमध्ये जबडा निमुळता झालाय, भुवया कोरल्यात, आणि एखाद्या मालिकेतली सून आपल्याकडे बघते आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. त्याचा फोटो या ॲपला दिला तर ते काय करील कोण जाणे! ग्रुपवर मी हे लिहिलं तर उत्तर आलं, “काऊन भाऊ, छान तर दिसून राहिले ना फोटो!” दिसून राहिले आहेत, खरंय. फक्त ते साळुंके नाहीत.

चेहरा बदलणं किती गंभीर असू शकतं हे २०२१ मध्ये दिसलं होतं. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो रंगवताना काही चेहऱ्यांवर हसू आणलं गेलं होतं. कंबोडियाने जाहीर आक्षेप घेतला आणि छापणाऱ्यांना ते फोटो काढून टाकावे लागले. नटाच्या जबड्याची तुलना त्याच्याशी होणार नाही, पण दोन्हीकडे झालं ते एकच: माणसाचा खरा चेहरा पुसला गेला.

राहिला वारसा. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. आज उरलेत जेमतेम दोन-तीन डझन, त्यातलेही कित्येक तुकड्यांत. अमेरिकेची अवस्थाही वाईटच: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे तिथले पूर्ण लांबीचे सुमारे ७० टक्के मूकपट कायमचे गेले. त्या काळची नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, कुजायची, आणि चांदीसाठी भंगारातही विकली जायची. १९३१ चा ‘आलम आरा’ हा तर आपला पहिला बोलपट, त्याचीही प्रत कुठे नाही. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा यांचे त्यातले फोटो तेवढे आहेत. (या चित्रपटासाठी विठ्ठलनी आधीच्या स्टुडिओचा करार मोडला, खटला झाला आणि त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी लढवून जिंकली. असल्या गोष्टींसाठी तर माणूस मूकपटांच्या नादी लागतो.)

चित्रपटच उरला नाही तेव्हा त्याचा फोटो हा पुरावा होतो. पुराव्यात काय बघायचं? कोपऱ्यातला स्टुडिओचा शिक्का, मागचा मजकूर, कडेला अर्धवट दिसणारा दिवा किंवा पडदा. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कापलेलं असतं. वर नावांचे घोटाळे. सुलोचना म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर सुलोचना लाटकर येतात. मूकपटातल्या सुलोचना वेगळ्या, पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, ज्यांना १९७३ चा फाळके पुरस्कार मिळाला. दोघींचे फोटो रंगवून एकीच्याच नावावर फिरताना मी पाहिले आहेत. एकदा अशी रंगीत प्रत हजारो मोबाइलवर गेली की शोधणाऱ्याला आधी तीच सापडते आणि मूळ फोटो तळाला जातो. वारसा वाचवण्याचं काम पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून करतं आहे: डबे शोधणं, फिल्म धुणं, ओळख पटवणं, थंडाव्यात जपणं. त्यात रंगाचा संबंध फारसा येत नाही.

दुसऱ्या टोकालाही काही मंडळी आहेत. त्यांच्या मते जुन्या फोटोला रंग लावणं हे पापच. त्यांचंही मला पटत नाही. आपल्याकडे फोटो हाताने रंगवायची रीत एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. नागपुरात बर्डी-महाल भागातल्या जुन्या फोटोवाल्यांकडेही बारीक कुंचले आणि पारदर्शक रंग असायचे. पण तो रंगवणारा गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, लुगडं कोणत्या रंगाचं होतं, शालू होता की पैठणी. विचारायला कुणी नसेल तर तो स्वतःच्या मनाने हिरवं करायचा आणि ते आपल्या मनाचं आहे हे त्याला ठाऊक असायचं.

रंगवायचंच असेल तर तेवढं तरी करावं. क्लारा बोचे केस तांबडे करायला एक जुना लेख वाचावा लागतो, बस. कुंकू काळं दिसलं तर ते लाल असणार हे आपल्याला कळतं, यंत्राला नाही, म्हणून तिथे हाताने रंग घालावा. चेहरा ‘स्पष्ट’ करायच्या भानगडीत पडू नये. फोटोखाली माणसाचं नाव, चित्रपट आणि साल लिहावं, माहीत असलेले रंग कुठले आणि अंदाजाचे कुठले ते लिहावं, आणि शेजारी न कापलेला मूळ फोटो जोडावा. सुलोचनाची साडी मीही मोरपंखी रंगवली आहे. खाली लिहिलं आहे: मोरपंखी माझ्या आवडीचा, पुरावा काही नाही.